पाठराखीण

काल रात्री फोनवर तू सात वेळा ‘बरंय’ म्हणालीस. मी मोजलं. मेसचं जेवण बरंय, रूममेट बऱ्या आहेत, कॉलेज बरंय, झोप बरीय, तब्येत बरीय, पैशांचं बरंय. आणि शेवटी, मी काहीच विचारलेलं नसताना, “बरंय गं ताई.” त्या सातव्यानं माझी झोप उडवली.

म्हणून हे लिहायला बसले. फोन केला असता तर तू आठव्यांदा म्हणाली असतीस.

माझी आणि त्या शब्दाची ओळख जुनी आहे, चिमणे. २००६ च्या जूनमध्ये अंबाजोगाईहून रात्रीच्या एसटीनं मी पुण्यात उतरले तेव्हा तू जन्मायची होतीस. मला पोचवायला तुझेच बाबा आले होते. शिवाजीनगरचं स्टँड तेव्हा खरोखर शिवाजीनगरात होतं, मेट्रोपायी वाकडेवाडीला गेलं ते फार पुढं. एक पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी, बादली, आणि बादलीत कोंबलेला आमटीच्या येसराचा डबा. हॉस्टेलच्या फाटकाच्या आत पुरुषांना सोडत नव्हते. ट्रंक आत ठेवून मी परत धावत आले, तर काका पलीकडच्या टपरीवर पाठमोरे उभे. चहा घेतोय म्हणाले. ग्लास काठोकाठ भरलेला होता आणि वर साय धरली होती.

ही गोष्ट त्यांनी तुला सांगितली नसणार. मीही त्यांना कधी विचारलं नाही.

हॉस्टेलच्या व्हरांड्यात लाल कॉइन बॉक्स होता. रात्री जेवणं झाली की त्याच्यापुढं रांग. रुपया टाकायचा, बोलायचं, टूंटूं वाजायला लागलं की दुसरा टाकायचा. त्या डब्यापाशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या मुली भिंतीकडं तोंड करून बोलायच्या. रांगेतल्या बाकीच्या पायाच्या बोटांकडं बघायच्या. तो आमचा अलिखित नियम होता. माझा नंबर आला की आई विचारायची, “जेवलीस का? काय करायलीस?” मी म्हणायची, बरंय. ती म्हणायची, “आवाज असा का येतोय?” मी म्हणायची, सर्दी झालीय. जून ते ऑक्टोबर मला सर्दी होती. आई बिचारी दर आठवड्याला सुंठेचा काढा घ्यायला सांगायची.

तुझ्याकडं तर चेहरा दिसणारा फोन आहे. म्हणून तू कॅमेरा छताकडं करून बोलतेस. पंखा छान आहे तुमच्या खोलीतला, महिनाभर बघतेय मी.

हे बघ, तुला करमत नाहीये. एवढंच असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपल्या भाषेत हा शब्दच किती शहाणा आहे बघ. ‘मी करमत नाही’ असं कुणी म्हणत नाही, ‘मला करमत नाही’ म्हणतात. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला करमत नाही. म्हणजे ते माझं कर्तृत्व नाही, माझा नालायकपणाही नाही. ते मला होतंय. थंडी वाजली तर आपण स्वतःला दोष देतो का? पांघरूण शोधतो.

मात्र हाच शब्द फसवतोही. आपोआप आलं तर आपोआप जाईल, असं वाटतं आणि माणूस वाट बघत पडून राहतो. मी राहिले. पुढं सांगते.

१६८८ साली बासलच्या विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या मेडिकलच्या पोरानं याच दुखण्यावर प्रबंध लिहिला होता. घरच्या ओढीचं दुखणं म्हणून त्यानं ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दच त्यासाठी घडवला. त्यातला एक रोगी होता बर्नहून बासलला शिकायला आलेला मुलगा. अंतर किती, तर पुण्याहून साताऱ्याइतकं. ताप, धडधड, खंगत चाललेला. औषधं थकली, तेव्हा त्याला घरी न्यायचं ठरलं. नुसती बांधाबांध सुरू झाली तशी त्याला तरतरी आली, आणि बर्न यायच्या आत, वाटेतच, पठ्ठ्या बरा झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले आणि मग रडले. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा तो स्विस मुलगा आणि वाकडेवाडीच्या स्टँडवर ‘अंबाजोगाई’ची पाटी बघून खुलणारी तू, दोघांचं दुखणं एकच.

लग्न होऊन मुलगी सासरी निघते तेव्हा आपल्याकडं तिच्यासोबत पाठराखीण जायची. तुझ्या पिढीनं शब्द ऐकला असेल, बाई बघितली नसेल. करवलीसारखी मिरवायला नाही, तर चार दिवस तिच्याजवळ झोपायला. ताटाला ताट लावून जेवायला. हिला वांगं चालत नाही, हिला अंधारात झोप येत नाही, हे सासरच्यांना आडून सांगायला. मग मांडवपरतणी, म्हणजे चार दिवसांत माहेरी परत एक फेरी. आपल्या बायका कितीही अडाणी असोत, त्यांना एवढं कळत होतं की नव्या घरात माणूस एकदम रुजत नाही. लग्नाला एवढी सोय, आणि शिकायला जाणाऱ्या पोरीला? अॅडमिशनची पावती, गादी, बादली आणि ‘नाव काढ’. सासरी जाणारीचं रडणं सगळ्यांना चालतं, व्हिडिओवाला ते जवळून टिपतो. शिकायला जाणारीनं मात्र हसतच जायचं. तुझ्यावर एवढा खर्च केलाय ना!

तर मी तुझी पाठराखीण, असं समज. उशिरा आले. सॉरी.

माझं काय झालं ते आता सांगते. घरात हे अर्धवटच माहीत आहे.

सुरुवात बोलण्यापासून झाली. पहिल्या आठवड्यात मी खोलीत म्हणाले, “मी मेसला जायलेय, कोण येतंय?” आणि एकीनं दुसरीकडं बघून तोच शब्द माझ्या सुरात म्हटला. ‘जायलेय.’ वाईट मुली नव्हत्या त्या. त्यातली एक आजही माझी मैत्रीण आहे आणि तिला हा प्रसंग आठवतसुद्धा नाही. पण मी त्या दिवसापासून प्रत्येक वाक्य तोंडातून काढायच्या आधी डोक्यात धुऊन घ्यायला लागले. जायलेय नको, चाललेय. करायलीस नको, करतेयस. वाक्य धुऊन वाळेपर्यंत गप्पा पुढं गेलेल्या असायच्या. वर्गात इंग्रजी, खोलीत पुणेरी. दिवसभरात माझी भाषा मी बोलायची ती कॉइन बॉक्सवर, आणि तिथं खोटं बोलायची. म्हणजे बघ, खरं बोलायला भाषाच उरली नव्हती.

हे तुलाही होतंय का? परवा तू मला “काय करतेयस” विचारलंस, “काय करायलीस” नाही. भाषा बदलली तर बदलू दे, त्यात काही बिघडत नाही. पण लाजून बदलू नको. मराठीचे आद्यकवी म्हणतात त्या मुकुंदराजांची समाधी आपल्या अंबाजोगाईत आहे, पुण्यात नाही, हे कुणी हसलं तर सांग. नाहीतर नको सांगू, भांडण होईल. आपल्याकडची एखादी शोध. लातूरची, परळीची, केजची. आठवड्यातून तासभर तिच्याशी पोटभर ‘करायली-जायली’ बोल. तोंडाला जरा मोकळीक मिळते.

बोलणं आटलं, मग हळूहळू सगळंच. मी वर्गात शेवटच्या बाकावर सरकले. दिवाळीत घरी आले तेव्हा तरी बरं वाटेल असं धरून चालले होते. नाही वाटलं. चकली खाल्ली, चव नाही. अंगणात आकाशकंदील हलत होता आणि मी काचेपलीकडून बघितल्यासारखी बघत होते. ते मला खरं घाबरवून गेलं. आणि तेही मी सांगितलं नाही.

डिसेंबरात मी अंथरुणातून उठेनाशी झाले. आईनं दिलेल्या लाडवांचा डबा पलंगाखाली होता. मी तो उघडत नव्हते, कारण उघडला तर संपवावा लागेल, धुवावा लागेल, आणि धुवायला नळापर्यंत जावं लागेल. एका दुपारी वास आला म्हणून उघडला. लाडवांवर करडी लव आली होती, मांजराच्या पिलाच्या अंगावर असते तशी. झाकण लावून मी डबा परत आत ढकलला आणि भिंतीकडं वळून झोपले. अभ्यास, परीक्षा हे तर लांबच. एक डबा धुणं हे मला हिमालय झालं होतं. आळस वेगळा, चिमणे. आळशी माणसाला लोळण्यात मजा येते.

मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या एक मावशी होत्या. आमच्या कार्डाला रोज भोक पाडायचं काम त्यांच्याकडं. त्या तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर आल्या, गुडघे धरत, आणि दारातून म्हणाल्या, “ए अंबाजोगाई, तीन दिस झालं, तुजं कार्ड टोचलं न्हाई.” माझं नाव त्यांना माहीत नव्हतं. मी म्हणाले, “मावशी, करमत नाही.” सहा महिन्यांत माझ्या तोंडातून आलेलं ते पहिलं खरं वाक्य. त्या म्हणाल्या, “मग खाली ये. लाट माझ्यासंगं.”

आठ दिवस मी संध्याकाळी त्यांच्याशेजारी पाटावर बसून पोळ्या लाटल्या. नकाशे झाले, मुलींनी खाल्ले. इथं मी थांबले असते तर फार गोड गोष्ट झाली असती. मायेची मावशी, गरम पोळी, पोरगी बरी झाली. तसं झालं नाही. मी खोलीबाहेर पडले, एवढंच झालं. नवव्या दिवशी मावशीच म्हणाल्या, “पोळ्या लाटून जायचं न्हाई हे. डाक्टरला दाव.” त्यांच्या भावजयीला बाळंतपणानंतर असंच झालं होतं, म्हणून त्यांना ओळखू आलं.

मग सरकारी दवाखाना, केसपेपर, मानसोपचार विभागाचा बाक. माझ्या शेजारी एक रिक्षावाले काका आणि एक कॉलेजातल्या मॅडम बसल्या होत्या. मला वाटलं होतं तिथं वेगळेच लोक असतील. डॉक्टरीणबाईंनी आधी झोप विचारली, मग भूक, मग विचारलं, आधी आवडायचं त्यातलं आता काय आवडतं? मला उत्तर येईना. मग त्यांनी, जणू चष्म्याचा नंबर विचारावा इतक्या सरळ आवाजात विचारलं, “मरून जावं असं वाटतं का?” मी हो म्हणाले. त्यांनी दचकून बघितलं नाही. त्यांनी लिहून घेतलं, आणि मग मला पुढचा अर्धा तास दिला. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं. गोळीनं दोन दिवसांत काही होत नाही, उतार पडायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. तरी मी एकदा बंद केली. परत पहिल्यापासून. दोन विषयांत केटी लागली, ती पुढच्या वर्षी सुटली. आज बँकेत मला कुणी त्या केटीबद्दल विचारत नाही. विचारलं असतं तरी काय?

आता तुझं. तुला नुसतं करमत नाही, का त्याच्या पुढचं काही आहे, हे मी लातुरात बसून सांगू शकत नाही. तुला बघता येईल. करमत नाही ते लाटांसारखं येतं. संध्याकाळी येतं, घरचा फोन ठेवल्यावर येतं, कुणाच्या खोलीतून फोडणीचा वास आला की येतं. आणि मग कुणी मैत्रीण बोलावते, सिनेमा बघता, हसता, तेवढा वेळ जातं. घरी गेलं की जातं. त्या बर्नच्या पोरासारखं. दुसरं जातच नाही. सकाळी उठल्यापासून छातीवर पाटा ठेवल्यासारखं, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, आणि पंधरा दिवस झाले तरी हलत नाही. आवडीच्या गोष्टी फिक्या पडतात. झोप उडते किंवा नुसतीच झोप येते. जेवण नकोसं होतं किंवा भान न राहता खाल्लं जातं. एकच पान चार वेळा वाचावं लागतं. आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटतं. तसं पंधरवडाभर असेल तर मनाची समजूत घालत बसू नको, दाखवायचं. आणि मरणाचे विचार येत असतील तर पंधरा दिवसही मोजायचे नाहीत. त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगायचं. मला रात्री तीनला फोन कर. मी चिडणार नाही. चिडले तरी उचलेन.

मी उचलला नाही तर १४४१६. टेली-मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. नंबर आत्ता फोनमध्ये टाक. ‘लाइट बिल’ या नावानं टाक हवं तर, रूममेटनं बघितलं तर भीती नको. तुझ्या कॉलेजात समुपदेशक आहे का बघ. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे. कागदावर नक्की असेल, खोलीत आहे का ते तू बघायचं. पहिल्या भेटीत त्यांनी “पॉझिटिव्ह विचार कर” एवढंच सांगितलं तर उठून ये, दुसरीकडं जा. चप्पल एका दुकानात बसली नाही म्हणून आपण अनवाणी फिरत नाही.

आणि हो, तू तिथं बोललेलं काकांपर्यंत जात नाही. तुला अठरा पूर्ण झालीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा तुझा हक्क म्हणून लिहिलाय. जिवाला धोका असेल तर मात्र त्यांना कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

काकांचा विषय निघालाच आहे तर बोलू. तू ‘बरंय’ का म्हणतेस ते मला माहीत आहे. त्यांना काळजी वाटू नये म्हणून, हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं असं की, करमत नाही म्हटलं तर ते म्हणतील, मग ये परत, इथंच कर काहीतरी. आणि आपल्याकडं ‘इथंच काहीतरी’चा अर्थ दोन वर्षांत बघण्याचा कार्यक्रम. मुलग्यांना घरी सांगायची लाज वाटते, आपल्याला वरून भीतीही असते. सांगितलं की दार बंद. म्हणून आपण मन घट्ट करून ‘बरंय’ म्हणतो, आणि घरच्यांना खरंच वाटतं पोरगी मजेत आहे.

मी काकांशी बोललेले नाही. तुला विचारल्याशिवाय बोलणार नाही. पण तू हो म्हणालीस तर बोलेन, आणि कसं बोलायचं तेही मला कळतं. ‘पोरीला त्रास होतोय’ नाही म्हणायचं, ‘पोरगी टिकायचं बघतेय, आपण टेकू लावू’ म्हणायचं. त्या टपरीवरच्या ग्लासाची आठवण काढीन हवं तर. त्यांना कळेल.

फीसाठी सोयाबीन पडत्या भावात विकलं, हे तू मनातून काढू शकणार नाहीस. काढू नकोच. पण ‘त्यांनी एवढं केलं, मला दुःखी व्हायचा काय हक्क’ हा हिशेब चुकीच्या खात्यात टाकतेयस. बँकेतली बाई सांगतेय, ऐक. पैशाचं कर्ज पैशानं फिटतं. सुखी दिसून त्याचा हप्ता जात नाही. पैशाचीच ओढाताण असेल तर तसं सांग. शिष्यवृत्तीचे, निर्वाह भत्त्याचे पैसे महाडीबीटीवर अडकलेत का, बँकखातं आधारला जोडलंय का, अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, हे बघायला मी बसलेय. अर्धी चिंता कधीकधी एका अडकलेल्या अर्जाची असते आणि आपण तिला स्वभाव समजतो. नाष्टा बंद करून पैसे वाचवायचे नाहीत. मी वाचवले होते, आणि उपाशी पोटी जगातली प्रत्येक गोष्ट जास्तच वाईट दिसते.

झोपेचं एकच सांगते. रात्री कधीही झोप, सकाळी उठायची वेळ एकच ठेव. रविवारीसुद्धा. कंटाळवाणं आहे, पण लागू पडतं.

आता रविवार. पुण्यातल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, हे या शहराचं सगळ्यात क्रूर वैशिष्ट्य आहे. त्याला अमृततुल्य चहा सोडवत नाही आणि रविवारची मेस उघडवत नाही. दुपारी फीस्ट, जड पोट, झोप, आणि पाच वाजता जाग येते तेव्हा हॉस्टेल रिकामं. जवळच्या गावच्या मुली घरी गेलेल्या, पुण्यातल्या नातेवाइकांकडं गेलेल्या. मी केलेल्या वाईट विचारांपैकी निम्मे रविवारी पाच ते नऊच्या दरम्यानचे आहेत. तुझेही असणार, कारण तू रविवारी संध्याकाळी मला रील पाठवतेस, एकामागून एक, चाळीस.

पूर्वी गरीब मुलं पुण्यात शिकायला यायची तेव्हा वार लावून जेवायची. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. मला ती पद्धत गोड करून सांगायची नाही. त्यात मिंधेपणा होता, आणि ज्यांच्या जातीला त्या घरांची दारंच बंद होती त्यांना वार कुठले? त्यांच्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांना वसतिगृहं काढावी लागली, साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. हॉस्टेल म्हणजे तुझ्या वॉर्डनबाई नऊनंतर फाटक लावतात तेवढंच नाही. लक्ष्मीबाईंनी ते घर म्हणूनच चालवलं होतं.

पण वार ही कल्पना मात्र उचल. रविवारचा वार लाव. एका मुलीच्या खोलीत, दर आठवड्याला तिथंच, किंवा आळीपाळीनं. खायला काहीही. तुमच्या मजल्यावर घरी न गेलेल्या कमीत कमी तीन जणी असतात, आणि त्या तिघी आपापली दारं लावून असतात. तू दार वाजव. “कशी आहेस” विचारू नको, ती बरंय म्हणेल. “येसर करायलेय, वाटी घेऊन ये” म्हण. किटलीत पाणी उकळायचं, दोन चमचे येसर थंड पाण्यात कालवून सोडायचं, मीठ, तिखट. किटलीला वास लागतो, मग चहाला आठवडाभर आमटीचा वास येतो. कुणी मरत नाही.

आणि त्या तिघींपैकी एखादी खूप दिवस वाटी घेऊन आलीच नाही, किंवा ‘आता काय उपयोग’ असं काही बोलली, वस्तू वाटायला लागली, तर सरळ विचार. जीव द्यावासा वाटतो का, असंच विचार. विचारल्यानं डोक्यात येत नाही. डोक्यात असेल तर बाहेर यायला वाट मिळते. मला त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणून मी हे लिहितेय. हो म्हणाली तर तिला एकटी सोडायचं नाही, वॉर्डनला उठवायचं, १४४१६ लावायचा, प्रसंग हातघाईवर आला तर ११२. “कुणाला सांगू नको” अशी शपथ घातली तर ती मोडायची. पोलिसांचं लचांड लागेल या भीतीनं लोक दवाखान्यात न्यायला कचरतात. तसं करू नका. कायदा आता अशा माणसाला गुन्हेगार धरत नाही, ताणाखालचा माणूस धरतो. आणि हे सगळं तुझ्या एकटीच्या खांद्यावर घ्यायचं नाही. तू बी.एस्सी. करायला गेलीयेस.

माझं मागणं फार नाही. रोज फोनवर एक खरी गोष्ट सांग. मोठी नको. मन उघडं करण्याचा वगैरे कार्यक्रम नको, आपल्या घरात ते कुणाला झेपत नाही. ‘आज भाजीत मीठ नव्हतं.’ ‘आज वर्गात सरांनी प्रश्न विचारला, मला येत होतं, मी बोलले नाही.’ ‘आज तीन वाजता उगाच रडू आलं.’ एवढं. मी उपाय सांगणार नाही. आईला आणि काकूंना ही सवय नाही, त्या लगेच काढा सांगतात. त्यांना मी बघते.

शनिवारी रात्रीच्या गाडीनं शेजारच्या सरांचा मुलगा येतोय, रविवारी सकाळी वाकडेवाडीला उतरेल. त्याच्याकडं धपाटे आहेत, शेंगदाण्याची चटणी, आणि येसर किलोभर, म्हणजे चौघींना महिना जाईल. धपाटे चार दिवस टिकतात, पाचव्या दिवशी टिकवायला बघू नको. संध्याकाळी सात वाजता मी फोन करीन. कॅमेरा छताकडं केलास तरी चालेल, किटलीकडं केलास तर जास्त आवडेल. आणि डबे त्याच्याच हाती परत पाठव. धुवायचं झालं नाही तर न धुता पाठव, मी धुते.